चहाच्या टेबलावरचा केक

ऑस्कर वाइल्डचे 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' हे नाटक आपल्यापैकी इंग्रजी विषय घेतलेल्या सर्वांना परिचयाचे आहे. त्याच्या दुसऱ्या अंकात बागेतल्या चहाचा एक प्रवेश आहे. लंडनहून आलेली ग्वेंडोलेन ही पाहुणी आणि खेड्यातल्या घरात राहणारी सेसिली ही यजमानीण. दोघींचीही समजूत अशी की, अर्नेस्ट नावाच्या एकाच तरुणाशी आपले लग्न ठरले आहे. मेरीमन हा नोकर चहा मांडतो. सेसिली विचारते, साखर घालू का? ग्वेंडोलेन नको म्हणते. सेसिली चिमटा उचलते आणि साखरेच्या चार वड्या तिच्या कपात टाकते. मग विचारते, केक देऊ की ब्रेड-बटर? पाहुणी ब्रेड-बटर मागते. यजमानीण केकचा भला मोठा तुकडा कापून तिच्याकडे पाठवते. पाहुणी संतापून उठते आणि इतका वेळ दाबून ठेवलेले भांडण उघड्यावर येते. १४ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरमध्ये या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. तेव्हापासून आजतागायत प्रेक्षक या जागी हसत आले आहेत.

आमच्या वर्गात मात्र येथे कोणी हसले नाही. बाजारातल्या गाईडमध्ये 'हा अत्यंत विनोदी प्रवेश आहे' असे एक वाक्य आहे. ते आम्ही सर्वांनी पाठ केले. पण पाहुणीला जास्त साखर आणि मोठा केक मिळाला, तर त्यात रागावण्यासारखे काय आहे? आमच्या गावाकडे पाहुण्याच्या चहात साखर कमी पडली तर घराची अब्रू जाते. चहा इतका गोड करावयाचा की ओठ चिकटले पाहिजेत. मग सेसिलीने तर ग्वेंडोलेनचा सत्कारच केला म्हणावयाचा!

हा विनोद भाषेत अडकलेला नाही, शब्दकोश उघडून तो कळत नाही. तो त्या टेबलाच्या रीतीत आहे. ती रीत कोठून आली, चहाबरोबर केक कसा वाढतात आणि केकपेक्षा ब्रेड-बटर कधी थोर झाले, हे मी या वर्षी ग्रंथालयात बसून शोधले. इंग्रजी कादंबरी-नाटकांत पावलोपावली भेटणारा हा चहा माझ्यासारख्या, घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्या विद्यार्थ्यांना परका वाटतो. त्यांच्यासाठी हा लेख.

प्रथम चहा. इंग्लंडच्या दरबारात चहाची आवड रूढ करणारी राणी म्हणजे पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन. १६६२ साली तिचे दुसऱ्या चार्ल्सशी लग्न झाले. याच लग्नाच्या करारात पोर्तुगिजांनी मुंबई बेट इंग्रजांना आंदण दिले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्या वेळी चहा चीनहून येई आणि सोन्याच्या भावाने विकला जाई. तो ठेवण्याच्या पेटीला 'कॅडी' म्हणत. तिला कुलूप असे आणि किल्ली घरच्या मालकिणीच्या कमरेला. स्वयंपाक करावयाला दहा नोकर असले तरी चहा मात्र मालकीण स्वतःच्या हाताने ओतते, ही रीत या कुलपातून निघाली असावी असे मला वाटते. पुढे १७८४ साली सरकारने चहावरील जकात ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणली आणि चहा सामान्यांच्या घरात शिरला. १८३९ साली आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये झाला. कुलूप गेले, पण चहा ओतण्याचा मान मालकिणीकडेच राहिला.

आता वेळ. इंग्रजांचे मुख्य जेवण, म्हणजे डिनर, पूर्वी दुपारी होत असे. पुढे श्रीमंत घरांतून ते हळूहळू लांबत गेले आणि १८४० च्या सुमारास रात्री आठपर्यंत पोहोचले. मध्ये लंच असे, पण ते अगदी जुजबी. साहजिकच चार-पाच वाजता पोटात कावळे ओरडू लागत. बेडफर्डच्या सातव्या ड्यूकची पत्नी ॲना हिला या वेळी अगदी गळून गेल्यासारखे होई. म्हणून तिने आपल्या खोलीत चहा आणि त्याबरोबर थोडे खाणे मागविण्यास सुरुवात केली, मग मैत्रिणींना बोलावू लागली, आणि पाहता पाहता ती चाल पडली, अशी गोष्ट सांगतात. भुकेचे कारण मोठे साधे आहे. पण आपल्याला भूक लागली आहे असे खानदानी बाईने कबूल करावयाचे नाही. म्हणून त्या खाण्याला 'चहा' हे नाव!

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'हाय टी' हा शब्द आपल्याकडे मोठ्या हॉटेलांच्या जाहिरातींत दिसतो आणि उच्चभ्रूंचा चहा असा त्याचा अर्थ आपण लावतो. इंग्लंडात तो बरोबर उलटा आहे. गिरणी-खाणीतला कामगार संध्याकाळी सहाच्या सुमारास घरी आल्यावर थंड मांस, पाव, चीज, बटाटे आणि त्याबरोबर किटलीभर चहा असे जे पोटभर जेवण घेई, ते हाय टी. बैठकीच्या खोलीत आरामखुर्चीत बसून नाजूकपणे घेतला जाणारा तो 'आफ्टरनून टी', दुपारचा चहा.

या आरामखुर्चीतच सर्व रीतीभातींचे मूळ आहे. दुपारच्या चहाला पाहुणे जेवणाच्या मोठ्या टेबलाभोवती बसत नाहीत. एका हातात कप-बशी, मांडीवर किंवा बाजूच्या लहान तिवईवर ताटली, आणि तोंडाने गप्पा. म्हणजे खाण्याला एकच हात मोकळा. सुरी-काट्याचे काम ठेवून चालत नाही, बोटे बरबटून चालत नाहीत, आणि मध्येच कोणी प्रश्न विचारला तर तोंडातला घास चटकन गिळता आला पाहिजे. हे एकदा ध्यानात घेतले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. सँडविचचा पाव पातळ का, त्याच्या कडा का कापून टाकतात, सर्व जिन्नस दोन घासांचे का, याची उत्तरे त्या मोकळ्या हातात आहेत.

मांडणी अशी. हॉटेलांतून तीन मजली ताटाळे येते. खालच्या ताटलीत खारे, म्हणजे काकडीची, अंड्याची वगैरे सँडविचेस. मधल्या ताटलीत स्कोन. वरच्या ताटलीत केक आणि इतर गोड. खाणे खालून वर चढत जाते. घरोघरी मात्र याऐवजी लाकडाची घडीची तिवई असे. तिच्यावर एकाखाली एक तीन ताटल्या बसत आणि ती उचलून पाहुण्यांमधून फिरविता येई. तिला 'क्युरेट' म्हणत. क्युरेट म्हणजे चर्चमधल्या धर्मगुरूचा मदतनीस. गावातल्या प्रत्येक घरच्या चहाला हजर राहून बायकांना ताटल्या देणे हे त्या बिचाऱ्याचे एक कामच होऊन बसले होते. ते पुढे लाकडाने केले!

आधी खारे, शेवटी गोड, हा क्रम त्यांच्या हाडीमाशी खिळलेला आहे. आपल्या पंगतीचा क्रम निराळा. आपण पानात आधी मीठ वाढतो, पहिला घास वरण-भात-तुपाचा घेतो, पक्वान्न जेवणाच्या ऐन मध्यावर येते आणि शेवट ताकभाताने होतो. गोडाने तोंड गोड करून उठावे ही साहेबाची कल्पना. म्हणून त्यांच्याकडे शेवटच्या गोडाला जे महत्त्व आहे ते आपल्या श्रीखंड-पुरीलाही नाही. श्रीखंडानंतर निदान भात तरी येतो.

स्कोन हा स्कॉटलंडकडचा पदार्थ. दिसावयाला लहानशा जाड भाकरीसारखा, फारसा गोड नाही. तो गरम असतानाच यावा लागतो. सुरीने कापावयाचा नाही, हाताने मधोमध उकलावयाचा आणि त्यावर मुरंबा (जॅम) आणि घट्ट साय लावावयाची. ही साय म्हणजे दूध मंद आचेवर तापवून, निववून, वर धरलेला जाड पिवळसर थर. आपल्याकडे म्हशीच्या दुधावर येते तशीच, पण गाईच्या दुधाची. नैर्ऋत्य इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यात आधी साय लावून वर मुरंबा घालतात, आणि शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी मुरंबा व वर साय. यावरून दोन परगण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे. साखर आधी की दूध आधी यावरून आमच्याही घरात वाद होतो, पण त्याची इतकी कीर्ती झालेली नाही.

आणि मग केक. केक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाढदिवसाचा, फुले काढलेला, क्रीमने माखलेला केक येतो. चहाचा केक तसा नसतो. तो साधा, कोरडा, कापल्यावर चुरा न होणारा असतो. शहाजिऱ्याच्या जातीचे दाणे घातलेला सीड केक. वर बदाम मांडलेला, बेदाण्यांनी भरलेला डंडी केक. आणि मदिरा केक, ज्यात मदिरा मुळीच नसते, तो मदिरा नावाच्या वाइनबरोबर खात म्हणून त्याला ते नाव. अशा कोरड्या केकचा तुकडा हाताने उचलून खावा. क्रीम किंवा आयसिंग असेल तर काटा घ्यावा. त्यासाठी एक लहान काटा निराळा मिळतो. त्याला तीनच दाते, आणि डावीकडचा दाता सुरीसारखा रुंद, म्हणजे काट्यानेच केक कापता येतो आणि दुसरा हात कपाला मोकळा. काय एकेक योजना! डावखुऱ्या माणसाने काय करावे, ते मात्र काटा करणाऱ्याने पाहिलेले दिसत नाही.

या सर्वांत राजमान्य ठरला तो व्हिक्टोरिया सँडविच. नाव सँडविच असले तरी तो केकच. दोन थरांमध्ये मुरंबा. मिसेस बीटन यांच्या १८६१ सालच्या गृहव्यवस्थेवरील प्रसिद्ध ग्रंथात त्याची कृती आहे, आणि तिचे माप मला फार आवडले. चार अंडी घ्यावयाची, आणि त्यांच्या वजनाइतकी साखर, तितकेच लोणी, तितकाच मैदा. तागडीच्या एका पारड्यात अंडी ठेवली की बाकीच्या वजनांची गरजच नाही. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ही कृती चुकणार नाही. मैदा फुगविणारी बेकिंग पावडर त्याआधीच, १८४३ साली, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड याने तयार केली होती. त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे, म्हणून त्याने हा उद्योग केला. तोपर्यंत केक फुगवावयाचा म्हणजे एकतर यीस्ट घालून वाट पाहावयाची किंवा अंडी तासन्‌तास फेटावयाची. ते काम नोकरांच्या दंडांचे. पुडीतल्या या भुकटीने ते संपविले आणि एक मोलकरीण ठेवण्याइतपत ऐपत असलेल्या मध्यमवर्गीय घरातही दुपारच्या चहाला ताजा केक येऊ लागला.

येथून आपण पुन्हा ग्वेंडोलेनकडे वळू. मिसेस बीटन यांच्या केकमध्ये चौथा हिस्सा निव्वळ साखर आहे. साखर महाग होती तोवर असा केक समोर ठेवणे म्हणजे ऐश्वर्य दाखविणे होते. परंतु १८७४ साली ब्रिटनने साखरेवरचा कर सर्वस्वी रद्द केला. तिकडे युरोपात बीटपासून काढलेली साखर मुबलक होऊ लागली होती, तीही स्वस्तात येऊ लागली. पूर्वी साखरेचे मोठमोठे शंकू येत आणि ते अडकित्त्यासारख्या हत्याराने फोडावे लागत. आता साच्यातल्या चौकोनी वड्या मिळू लागल्या. सिडनी मिंट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाचा 'स्वीटनेस अँड पॉवर' हा १९८५ सालचा ग्रंथ साखरेच्या इतिहासावर प्रमाण मानला जातो. त्यात तो म्हणतो की, १९०० सालापर्यंत इंग्लंडच्या लोकांना अन्नातून मिळणाऱ्या उष्मांकांपैकी जवळजवळ एक-पंचमांश एकट्या साखरेतून मिळू लागले होते. यात गिरणीतल्या बायका-मुलांचा वाटा मोठा. मांस परवडत नाही, जेवण रांधावयाला वेळ नाही, तेव्हा पाव, मुरंबा आणि भरपूर साखरेचा गरम चहा. पोट भरल्यासारखे वाटते आणि पुन्हा कामाला उभे राहता येते.

म्हणजे १८९५ साली साखर ही गरिबाची झाली होती. आणि जी वस्तू गरिबाच्या हाती लागते ती श्रीमंताला बेचव लागू लागते, हा अनुभव काही एकट्या इंग्लंडचा नाही. ग्वेंडोलेन साखर नाकारते ती तिला आवडत नाही म्हणून नव्हे, तर ती फॅशनबाहेर गेली म्हणून. ब्रेड-बटर मागते तेही याचसाठी. त्यासाठी पावाच्या तोंडाला आधी लोणी फासून मग पापुद्र्यासारखा काप काढावयाचा. साधे दिसणारे ते अवघड काम आहे आणि ते करणारा सराईत नोकर घरी असावा लागतो. केक ही आता खेड्यापाड्यातल्या लोकांची गोष्ट, असे पाहुणीला सुचवावयाचे आहे. सेसिलीला ते पुरते कळते. म्हणून चार वड्या साखर आणि केकचा भला मोठा तुकडा. थोडक्यात, 'तुम्ही भुकेल्या आहात, खाऊन घ्या' असे न बोलता सांगणे. मराठीत याला पाणउतारा म्हणतात.

हे सारे मुकाट्याने का? कारण मेरीमन आणि दुसरा एक नोकर तेथे उभे आहेत. नोकरांसमोर भांडावयाचे नाही, हाही त्याच रीतीचा भाग. केकची ताटली मेरीमनच पाहुणीच्या हाती देतो आणि मग दोघे नोकर आत जातात. त्यानंतर ग्वेंडोलेन चहाचा घोट घेते, तोंड वाकडे करते, ब्रेड-बटर समजून हात पुढे करते आणि पाहते तो केक. आपल्याकडे मुलगी पाहावयाला येतात तेव्हा पोह्यांचा ट्रे घेऊन मुलगी बाहेर येते. तेथेही वाढण्याच्या निमित्ताने कोणीतरी कोणाला जोखीत असते. फरक एवढाच की, तेथे वाढणारी परीक्षेला बसलेली असते, आणि येथे वाढणारीने पाहुणीलाच नापास करून टाकले आहे.

मला मात्र या टेबलावर केकइतकेच साखरेच्या भांड्याकडे पाहावेसे वाटते, आणि त्याला कारण आहे. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढते आणि चैत्राच्या सुमारास परत येते. नवरा-बायको दोघे मिळून आमच्याकडे 'एक कोयता' मोजतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडावयाची. लहानपणी चार हंगाम मी त्यांच्याबरोबर खोपीत राहिले आहे. पहाटेच्या अंधारात तीन दगडांच्या चुलीवर आई जो कोरा चहा करी तो पिऊन दोघे फडात उतरत, आणि त्या चहात ती साखर मोजून घाली. साखरेच्या इतके जवळ राहूनही ती मोजूनच घालावी लागे.

ग्वेंडोलेनच्या आजीच्या चहातली साखर वेस्ट इंडीज बेटांवरची होती. आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम ती पिकवीत. हे इंग्लंडच्या चहाच्या टेबलावर बसलेल्यांना ठाऊक नव्हते असे नाही. १७९१ साली पार्लमेंटने गुलामांच्या व्यापाराला बंदी घालण्याचा ठराव फेटाळला, तेव्हा लोकांनी साखरेवरच बहिष्कार घातला. या चळवळीतला एक पुढारी टॉमस क्लार्कसन याच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडली होती. यात बायका पुढे होत्या. त्यांना मत नव्हते, पार्लमेंटमध्ये जागा नव्हती, पण घरात साखर कोणती आणावयाची आणि कपात घालावयाची की नाही, हे ठरविणे त्यांच्या हातात होते. १८२४ साली लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक या बाईंनी गुलामगिरी ताबडतोब नष्ट करा, हळूहळू नको, अशी मागणी करणारी पुस्तिका काढली. तिच्यानंतर हा बहिष्कार पुन्हा जोरात आला. या काळातली चिनी मातीची साखरदाणी आज संग्रहालयांत पाहावयास मिळते. तिच्यावर अक्षरे आहेत, की ही साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी पिकविलेली नव्हे. ईस्ट इंडिया म्हणजे आपला हिंदुस्थान. पाहुण्याने साखर घेताना ती अक्षरे वाचावीत अशी योजना. वाढण्याच्या भांड्याने एवढे मोठे काम क्वचितच केले असेल.

१ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपली. भरपाई म्हणून सरकारने दोन कोटी पौंड दिले, ते गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना! आता ऊस कोण तोडणार? त्याच वर्षी मॉरिशस बेटावर हिंदुस्थानातून कराराचे मजूर नेण्यास सुरुवात झाली. पुढच्या काळात जवळजवळ पाच लाख माणसे पोर्ट लुई बंदरावर उतरली. त्यांत मुंबईहून गेलेली, कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत आणि गणपती बसवितात. मजूर उतरत तो घाट 'आप्रवासी घाट' या नावाने २००६ सालापासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. करार पाच वर्षांचा असे. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची तेथे पद्धत होती. हे वाचताना मी थबकले. आमच्याकडे यालाच 'खाडा' म्हणतात, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात चढतात. व्हिक्टोरिया सँडविचसाठी मिसेस बीटन यांच्या वाचकांनी जी साखर तोलली, तिच्यात ही मॉरिशसची साखरही होती.

दुपारच्या चहाची पुढची कथा थोडक्यात सांगते. १८६४ साली एरेटेड ब्रेड कंपनी या पाव करणाऱ्या कंपनीने लंडनमध्ये चहाचे दुकान काढले. १८९४ साली पिकॅडिलीत लायन्स कंपनीचे पहिले दुकान निघाले. येथे थोड्या पैशात चहा आणि केकचा तुकडा मिळे. मुख्य म्हणजे सोबत पुरुष नसताना बाईला येथे एकटीने बसता येई. दारूच्या गुत्त्यात किंवा पुरुषांच्या क्लबात ते शक्य नव्हते. पुढे मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायकांना एकत्र जमावयाला अशा दुकानांचा मोठा आधार झाला. दुसऱ्या महायुद्धात जानेवारी १९४० पासून साखर आणि लोण्याचे रेशनिंग सुरू झाले, त्याच वर्षी जुलैपासून चहाचे. माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅम चहा. केकवर साखरेचे आयसिंग घालण्यावर बंदी आली, तेव्हा लग्नाच्या साध्या केकवर पुठ्ठ्याचे नक्षीदार टोपण घालीत आणि कापताना ते उचलून बाजूला ठेवीत. चहा १९५२ साली मोकळा झाला, साखर सप्टेंबर १९५३ मध्ये.

आपल्या स्नेहसंमेलनात हा प्रवेश कोणी बसविणार असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मावा केक आणू नये. तो कागदाच्या वाटीत एकेकटा भाजलेला असतो आणि या प्रवेशात केक सर्वांसमोर कापला गेला पाहिजे. बेकरीतून वर काही न लावलेला अखंड गोल केक घ्यावा, आणि सेसिलीने त्याचा निदान पाव हिस्सा कापावा. साखर चमच्याने घालू नये. वड्या मिळतात त्या आणाव्यात आणि त्या एकेक करून, सावकाश, चिमट्याने टाकाव्यात, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही चार मोजता येतील. ब्रेड-बटर निराळ्या ताटलीत, केकच्या शेजारीच दिसेल असे ठेवावे. मेरीमन आणि दुसरा नोकर ही कामे किरकोळ म्हणून कोणाच्याही गळ्यात बांधू नयेत. ते दोघे मंचावर नीट उभे नसतील तर दोघी गप्प का आहेत हे प्रेक्षकांना कळणार नाही. ग्वेंडोलेनच्या कपात खरोखरच चार वड्या पडलेल्या असाव्यात. मग तोंड वाकडे करण्याचा अभिनय तिला शिकवावा लागणार नाही.